खालचा पट्टा

३ मार्च

ताई,

पाच वर्षांनी लिहिते आहे. कशी आहेस, बरी आहेस ना, हे सगळं मी विचारलं असं समज आणि पुढे वाच. आधी फोनच करणार होते, पण फोनवर तू आधी बोलतेस आणि मग ऐकतेस. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

काम आहे म्हणून लिहिते आहे, दुसऱ्या कशासाठी नाही.

सर्जिकल वॉर्डात तू सव्वीस वर्षं काढलीस. मी जे विचारणार आहे तसल्या बायका तू ढिगाने पाहिल्या असशील. एकोणीस दिवसांपूर्वी माझं ऑपरेशन झालं. छातीचं. घाबरू नकोस, गाठबीठ काही नाही. मी इम्प्लांट बसवून घेतले, दोन्हीकडे, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. आता काय हसायचं ते हसून घे. मी थांबते.

झालं?

तर प्रश्न असा. डावीकडचं हळूहळू खाली उतरतंय, जिथे असायला हवं तिथे येतंय. उजवीकडचं जागचं हलायला तयार नाही. वर, गळ्याच्या हाडाजवळ, ठाण मांडून बसलंय. मी रोज सकाळी टेपने मोजते, खांद्याच्या मध्यापासून छातीखालच्या घडीपर्यंत. पट्टी सुटली त्या दिवशी दोन बाजूंत अर्ध्या सेंटीमीटरचा फरक होता. आज सव्वादोनचा आहे. मापात मी चुकत नाही, एवढं तरी तू मान्य करशील.

डॉक्टर म्हणतात, "सुरुवातीला वरच असतात. स्नायू सैल पडला की उतरतात. तीन महिने थांबा." मग डावीकडच्याला तीन महिने का लागले नाहीत? उजवीकडच्याचीच एवढी मिजास का? नाहीच उतरलं तर पुन्हा टेबलावर झोपायचं आणि पुन्हा कापून घ्यायचं. ते मला नकोय. पहिल्या वेळी शुद्धीवर आले तेव्हा कुणीतरी छातीवर शिलाईमशीन आणून ठेवलंय असं वाटलं होतं, आणि खोलीत एक माणूस नव्हतं.

एवढंच सांग, उतरतं का? की हे असंच राहणार? डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मी तंतोतंत पाळते आहे.

आणि हे मी स्वतःसाठी केलं. उगाच भलते अर्थ काढत बसू नकोस.

तुझी बहीण


११ मार्च

ताई,

आठ दिवस झाले. तुझं उत्तर नाही. वॉर्डात पेशंटने बेल दाबली की तू अर्ध्या मिनिटात पोचतेस असं तूच सगळ्यांना सांगत असतेस. बहिणीने बेल दाबली की बहुतेक तुझी ड्यूटी संपलेली असते.

आज फरक अडीच सेंटीमीटर.

मी कामावर जाते आहे. बाराव्या दिवसापासून. हो, महिनाभर हात वर करू नका असं सांगितलं होतं, मला माहीत आहे, लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. ब्राच्या नव्या मापांचे पॅटर्न कापायचे होते आणि कारखान्यात माझ्याशिवाय ते कुणाला जमत नाही. चाळीस मशीनं आहेत, पण कापडावर कात्री कुठे वळवायची हे मला एकटीलाच ठाऊक. ओव्हरलॉक मशीनवर कडा शिवणारी माझ्या शेजारी बसते. ती परवा म्हणाली, "मास्तरीणबाई, तुम्ही हल्ली ताठ चालता." मी म्हटलं, पाठ दुखते. ती म्हणाली, "पाठ दुखली की माणूस वाकतं." चांभारचौकशा करायला तिला पगार देतात की काय कोण जाणे.

बावीस वर्षं मी बायकांच्या छातीची मापं कापते आहे, ताई. अठ्ठावीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंत सगळे कप या हातांनी काढले. त्यातला एकही मला बसत नव्हता. शाळकरी मुलींसाठी आम्ही जे सर्वांत लहान माप काढतो ना, ते मी वापरायचे. दुकानातून विकत आणायचे, कारखान्यातून घेतलं तर कळेल म्हणून. हे तुला माहीत नव्हतं. तुला फक्त त्याच्यावरचा विनोद माहीत होता.

आता विषय निघालाच आहे तर बोलते. मी तेरा वर्षांची होते. तू इस्त्री करत होतीस, मी समोर उभी होते, घरात पाहुणे होते. तू म्हणालीस, "हिच्यावरून फिरवली वाटतं कुणीतरी." झालं, त्या दिवसापासून मी इस्त्री. घरात इस्त्री, शाळेत इस्त्री. मी नोकरीला लागले आणि तू एकदा घराची किल्ली द्यायला कारखान्याच्या दारात आलीस. पन्नास बायकांसमोर हाक मारलीस, "ए इस्त्री!" मग कारखान्यातही इस्त्री. आणि पाच वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नात फोटोला सगळे उभे राहिलो. मी मुद्दाम कडेला होते. तू ओरडलीस, "इस्त्रीला मध्ये घ्या रे, तिला जागाच लागत नाही!" व्याही हसले. नवरामुलगा हसला. फोटोवाल्याला हसू आवरेना, त्याने दोनदा फोटो हलवला.

मी जेवायच्या आधीच निघून गेले. तू आठ दिवसांनी फोन केलास आणि विचारलंस, "तुझं पोट बिघडलं होतं का?"

असो. डॉक्टरांची एक गंमत सांगते. त्यांनी दवाखान्यातून एक पट्टा दिला होता. छातीच्या वरून, काखेतून, पाठीमागे बांधायचा. कुणी शिवलाय देव जाणे. धागे सुटलेले, वेल्क्रो तिरकं. आणि वरून बांधून उपयोग काय? आमच्याकडे नवी मुलगी शिकायला आली की दुसऱ्या आठवड्यात तिला कळतं, सगळं वजन खालचा पट्टा उचलतो. खांद्यावरचे पट्टे नुसते शोभेला. खालचा पट्टा कच्चा असेल तर वरचं सगळं ढासळतं. मी त्यांचा पट्टा ठेवला गुंडाळून आणि स्वतः शिवला. चार हुकांचा, आमच्या मोठ्या मापांना लावतो ते जाड इलॅस्टिक. छातीच्या बरोब्बर खाली, घट्ट. उजवीकडे आतून कापडाची आणखी एक घडी दिली आहे, तिकडे आधार जास्त हवा म्हणून. काय बसलाय म्हणून सांगू! दिवसरात्र घालते. असं काम दवाखान्यातल्या कुणाच्या बापाला जमणार नाही.

तरी उतरत नाही. म्हणजे डॉक्टरचीच काहीतरी चूक आहे. मी त्याला सोडणार नाही.

उत्तर दे.


१५ मार्च

इस्त्री,

दोन्ही पत्रं एकदम हातात आली. पत्त्यावर तू जुन्या क्वार्टरचा नंबर घातलास. मी तिथून तीन वर्षांपूर्वी हलले.

पट्टा काढ. आत्ता. हे वाचता वाचता काढ.

ते उतरायला हवंय आणि तू त्याला खालून टेकू दिलायस. उतरेल कुठे? डॉक्टरांचा पट्टा वरून असतो तो खाली दाबण्यासाठी. ब्रा नाहीये ती. उजवीकडे घडी दिलीस म्हणून उजवं अडकलं. शिवाय उजव्या हाताने कात्री चालवतेस, त्या बाजूचा स्नायू आधीच आवळलेला. डावं तुझ्या कर्तबगारीला पुरून उरलं म्हणून उतरलं.

डॉक्टरांना सगळं खरं सांग. त्यांनी विचारायची वाट बघू नकोस. पेशंट काय काय लपवतात त्याची यादी केली तर आमचं रजिस्टर पुरणार नाही.

ताप, लाली, एका बाजूला अचानक सूज, यांतलं काही आलं तर लगेच दाखव.

हसले नाही.

लग्नातलं म्हणशील तर मला आठवत नाही. तेव्हा सगळेच हसत होते. तूही हसलीस.

ताई


२१ मार्च

ताई,

हो, मीही हसले. काय करायला हवं होतं, रडून दाखवायचं होतं फोटोत?

पट्टा काढला. तुझं पत्र उभ्याने वाचलं, दाराशीच. काढल्यावर छातीखाली लाल वळ होता, आणि उजवीकडे त्या घडीचा खळगा उमटला होता. मी बराच वेळ तो वळ बघत बसले. बावीस वर्षं! पन्नास बायका मला विचारून कापड कापतात, आणि मी स्वतःच्या अंगावर पहिल्यांदाच माप बसवायला गेले तर ही अक्कल पाजळली. तू "कर्तबगारी" लिहिलंस तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. कारण शब्द बरोबर होता.

आता पुढचं ऐक. हे लिहायचं नव्हतं, पण तू यादीचं काढलंस म्हणून लिहिते.

तुझं पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी, एकोणीस तारखेला, डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोन बोटांनी चाचपलं. चेहरा पडला त्यांचा. म्हणाले, "हे अजून इथेच कसं? मी दिलेलाच पट्टा वापरता ना? वरून?"

मी म्हटलं, "हो, तोच वापरते."

इतक्या सहज निघालं तोंडातून. कारण सांगू? पहिल्या भेटीत त्यांनी मला काय काम करता ते विचारलं होतं. मी सांगितल्यावर हात जोडून म्हणाले, "मग तुम्हाला मी काय शिकवणार, तुम्हीच मला शिकवा." ताई, माझ्या कामाबद्दल इतक्या आदराने कुणी कधी बोललं नव्हतं. त्या माणसासमोर मी सांगू, की कारागीर म्हणून शेखी मिरवणारी ही बाई पट्टा कुठे बांधायचा तेच चुकली?

त्यांनी पुन्हा एकदा चाचपलं. मग म्हणाले, "म्हणजे माझ्याकडूनच झालं. उजवीकडे आतली जागा मी कमी मोकळी केली असणार. तुमचा काही दोष नाही." एकोणतीस मे ही तारीख दिली. तोवर वाट बघायची, नाही उतरलं तर ते पुन्हा उघडून जागा मोठी करून देणार. मी मान डोलावली. त्यांच्या चांगुलपणाची मला तेव्हा चीड आली. थोडं वाकडं बोलले असते तर मी खरं सांगून मोकळी झाले असते.

आता त्यांचाच पट्टा बांधते आहे, वरून. नीट बांधते आहे की नाही कळत नाही. माझ्या हातांवरचा विश्वास उडालाय. तू येऊन एकदा बघशील? एका रविवारी. राहायला नको.


८ एप्रिल

ताई,

तू काल इथे होतीस, म्हणजे काय झालं ते तुला माहीत आहे. तरी लिहिते. तू जे पाहिलंस ते एका पेशंटचं होतं. माझं वेगळं होतं.

चार तास बसने आलीस. दारात उभी राहून घर बघितलंस. स्वयंपाकघरात गेलीस आणि हात धुतलेस, कोपरापर्यंत, इतका वेळ की मला वाटलं परत जायचा विचार करतेयस. मग म्हणालीस, "बटणं काढ."

मी तुझ्यासमोर पोलकं काढलं. तेराव्या वर्षानंतर पहिल्यांदा. तू बोटं टेकवलीस, आधी डावीकडे, मग उजवीकडे. थंड होती. "श्वास घे. सोड. दुखतं? इथे?" तुझा आवाज अगदी वेगळा होता. त्या आवाजाने तू लोकांशी बोलतेस हे मला माहीतच नव्हतं. म्हटलं, आयुष्यभर या बाईने हा आवाज परक्या माणसांसाठी राखून ठेवला.

"टणक झालेलं नाही," म्हणालीस. "उतरेल अजून. पूर्ण नाही."

"किती राहील?"

"बोटभर. कपड्यातून कुणाला कळायचं नाही."

"मला कळेल."

"तुला तर कळणारच. तू टेप घेऊन बसतेस."

मग पट्टा बांधून दाखवलास, दोनदा, आणि माझ्याकडून बांधून घेतलास, जशी मी नव्या मुलींकडून शिलाई करून घेते. विचारलंस, "डॉक्टरांना सांगितलंस?" मी म्हटलं, "हो, फोनवर." माझं मागचं पत्र खिशात असूनही तुझा विश्वास बसला, हे बघून मला आश्चर्य वाटलं.

चपला घालताना तू माझ्याकडे न बघता विचारलंस, "माझ्यामुळे केलंस का गं हे?"

मी म्हटलं, "तुझी एवढी किंमत नाही."

तू मान हलवलीस आणि निघालीस. कसलीही कोटी केली नाहीस. इस्त्री म्हणाली नाहीस. खरं तर काहीच म्हणाली नाहीस, आणि मी दारात उभी राहून वाट बघत होते की वळशील आणि "चुकलं माझं" एवढं एक वाक्य बोलशील. रिक्षा वळली.

डॉक्टरांना मी सांगितलेलं नाही. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही खोटं दिलं. एवढं कळवायला हे पत्र.


१६ मे

ताई,

एकोणतीस मेची रजा टाकलीस असं तुझं कार्ड आलं. "ऑपरेशनच्या वेळी कुणीतरी हवं" असं लिहिलंस. त्याच्याबद्दल शेवटी सांगते.

परवा तपासणीला गेले. बाहेर बाकावर एक बाई शेजारी बसली होती. पोहायला शिकवते. पस्तिशीची असेल, रुंद खांद्यांची, एका जागी स्वस्थ बसवत नव्हतं तिला. बायका अशा ठिकाणी दहा मिनिटांत एकमेकींना सगळं सांगतात. तिचंही माझ्यासारखंच ऑपरेशन, मार्चच्या शेवटी झालेलं. म्हणाली, "डावं झकास आहे. उजवं मात्र पळतं हो. आडवी झाले की सरळ काखेत जाऊन बसतं. हात फिरवला की टोचतं. दीड महिना पाण्यात उतरले नाही, मुलं विचारतात मॅडम कधी येणार. आता पुन्हा उघडणार म्हणतात."

मी विचारलं, "उजवंच?"

"उजवंच. डॉक्टर म्हणाले, त्या बाजूला जागा जरा जास्त मोकळी झाली."

ताई, मी उगाच तिचा हात धरला. तिला वाटलं, मी धीर देते आहे. ती उलट माझ्याच हातावर थोपटत बसली.

आत गेले. डॉक्टरांनी तपासलं आणि खूश झाले. "उतरलं की! बोटभर फरक आहे, बस. आता याहून फार नाही उतरणार. एकोणतीसला करून टाकू." मी पोलक्याची बटणं लावली आणि सगळं सांगितलं. कारखाना, जाड इलॅस्टिक, उजवीकडची घडी, त्यांच्या तोंडावर मारलेली थाप. बसून सांगवेना, उभ्यानेच सांगितलं.

ते ओरडले नाहीत. पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "तुमची केस बघून मी घाबरलो होतो. वाटलं, माझा हातच चुकतोय. तुमच्यानंतरच्या दोघींना मी उजवीकडे जास्त जागा केली. एकीचं ठीक आहे." आणि दाराकडे बघितलं, बाहेर बाक होता तिकडे. "तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं," म्हणाले. आणि माझी फाईल जोरात मिटली. माझ्यावर चिडून असेल किंवा स्वतःवर, मी विचारलं नाही.

माझी एकोणतीसची तारीख मी सोडली. ती त्या बाईला दिली त्यांनी. मला आता उघडून घ्यायचं नाही. बोटभर फरक राहील. मन मोठं झालं म्हणून सोडत नाहीये, तसलं काही समजू नकोस. आरशात बघितलं की अजूनही चीड येते. पण हे सारखं मी कुणासाठी करून घेत होते, हे आता मला माहीत आहे. तू दारात विचारलंस त्याचं उत्तर हो आहे. तुझ्यामुळेच केलं. तीस वर्षं मला तुझं तोंड बंद करायचं होतं. त्या रविवारी ते बंद झालं, आणि त्या बंद तोंडाचं काय करायचं ते मला सुचेना.

आणि अजून एक. लग्नातलं आठवत नाही असं तू लिहिलंस, तेव्हा मला ती शुद्ध लबाडी वाटली होती. आता खरं वाटतं. डॉक्टरांना "हो, तोच वापरते" म्हटलं, तेव्हा मलाही त्याचं काही वाटलं नव्हतं. दोन दिवसांनी तुला पत्रात कळवलं, जरा हलकं वाटलं, आणि मी कापड कापायला गेले. तो शब्द तिकडे एका परक्या बाईच्या छातीत जाऊन बसला, आणि मी मजेत होते. तूही अशीच मजेत असणार. जेवलीस, झोपलीस, ड्यूटीला गेलीस. म्हणून तुला माफ केलं असं नाही. उलट आता जास्त राग येतो, कारण ते किती सोपं असतं ते मी करून बघितलंय.

तिला अजून काही माहीत नाही. डॉक्टर सांगणार नाहीत, त्यांनी ते स्वतःवर घेतलंय.

तेव्हा तुझी रजा रद्द कर. माझ्यासाठी यायचं कारण उरलेलं नाही. एकोणतीसला मी जाणार आहे. ती शुद्धीवर येईपर्यंत तिच्या खोलीत बसेन. आणि तिने डोळे उघडून मला ओळखलं, की तू मला जे कधी म्हणाली नाहीस, ते मी तिला म्हणेन.

तुझी बहीण